विंचवापासून घर-अंगण सांभाळूया

मैत्रिणींनो, ऊन तापलं की विंचू दिवसा गारव्याला दडतो आणि रात्री किडे खायला बाहेर पडतो. त्याला दडायला जागाच ठेवू नका.

अंगणात : सरपण, गोवऱ्या, जुनी कौलं घराच्या भिंतीला लावून रचू नका. काढताना आधी काठीने हलवा, थेट हात घालू नका. पालापाचोळा साठू देऊ नका.

घरात : भिंतीच्या भेगा आणि दाराखालची फट बुजवा. अंथरूण, चपला, बूट झटकूनच वापरा. लेकरांना खाटेवर झोपवा. खाट भिंतीपासून हातभर दूर ठेवा. रात्री बाहेर जाताना पायात चप्पल आणि हातात बॅटरी हवीच.

विंचू चावलाच तर : लाल विंचवाचा डंख लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतो. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणं. दुखणं कमी असलं तरी गाफील राहू नका. मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. जागा कापू नका, आवळून बांधू नका. १०८ला फोन करा, तडक सरकारी दवाखाना गाठा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्रॅझोसिन या औषधाने असे रुग्ण वाचतात हे दाखवून दिलं. पण ते डॉक्टरांनीच द्यायचं, आणि वेळेत मिळायला हवं.

पुढच्या बैठकीत ठरवा : रात्री-अपरात्री गाडी कोणाची मिळेल? तो नंबर प्रत्येकीच्या घरात भिंतीवर लिहा.