दहा लाखांची खुर्ची आणि चौथा प्रश्न

प्रश्न : अमेरिकेत टीव्हीवर संध्याकाळच्या बातम्या देणारी पहिली बाई म्हणून बार्बरा वॉल्टर्स यांचं नाव घेतात. पण त्या खुर्चीत त्या पुरती दोन वर्षंही टिकल्या नाहीत, असं वाचनात आलं. मग एवढा गाजावाजा कशाचा? त्यांनी खुर्ची सोडली की त्यांना सोडायला लावली? (एक वाचक, सांगली)

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. ४ ऑक्टोबर १९७६ रोजी वॉल्टर्सबाई एबीसी वाहिनीच्या संध्याकाळच्या बातम्यांना निवेदक हॅरी रीझनर यांच्या शेजारी बसल्या आणि जुलै १९७८मध्ये तो सगळा मांडच मोडला. जेमतेम एकवीस महिने. जोडी जमली नाही, प्रेक्षक वाढले नाहीत, म्हणून वाहिनीनंच ती मोडली. गाजावाजा कशाचा, हे मात्र एवढ्या थोडक्यात सांगता येणार नाही, कारण बाईंनी जे कमावलं ते त्या खुर्चीत बसून कमावलेलंच नाही.

‘पहिली’ हे बिरुदही जरा जपूनच लावावं. १९६४मध्ये एबीसीच्याच रॉन कॉक्रन यांचा आवाज बसला, तेव्हा मार्लीन सँडर्स यांनी त्यांच्या जागी बसून संध्याकाळच्या बातम्या दिल्या होत्या. पण ती एका संध्याकाळची बदली. करार करून, रोज, नावानिशी बसलेल्या पहिल्या त्या वॉल्टर्सच.

जन्म १९२९चा, बॉस्टनचा. वडील लू वॉल्टर्स नाइटक्लबवाले. न्यू यॉर्कमधला त्यांचा ‘लॅटिन क्वार्टर’ एकेकाळी धो धो चालायचा. पुढे पैसा गेला, कर्ज झालं आणि आईवडील व गतिमंद थोरली बहीण यांचा भार बार्बरावर आला. पगाराच्या आकड्यावर बाई पुढे हटून बसत. लोकांनी त्याला हाव म्हटलं. मला त्यात घर चालवणाऱ्या मुलीची धास्ती जास्त दिसते.

१९६१मध्ये त्या एनबीसीच्या ‘टुडे’ या सकाळच्या कार्यक्रमात लेखिका म्हणून लागल्या. पुढच्या वर्षी मार्चमध्ये जॅकलीन केनेडी भारत आणि पाकिस्तानच्या दौऱ्यावर आल्या, तेव्हा त्यांच्या मागे फिरणाऱ्या पत्रकारांच्या ताफ्यात वॉल्टर्सही होत्या. म्हणजे त्यांच्या परदेशी वार्तांकनाचा श्रीगणेशा झाला तो आपल्याकडे.

‘टुडे’मध्ये तेव्हा ‘टुडे गर्ल’ नावाचं एक पद असायचं. हवामान सांगायचं, हलक्याफुलक्या गप्पा मारायच्या, हसतमुख राहायचं आणि मधूनमधून जाहिराती करायच्या. या जागेवर बहुधा नट्या किंवा गायिका आणल्या जात. १९६४मध्ये ती जागा वॉल्टर्सकडे आली. आधी या बायकांचं काम चहा ओतण्यापलीकडचं नव्हतं, असं त्या म्हणत. मुख्य निवेदक ह्यू डाउन्स सज्जन गृहस्थ होते. त्यांनी बाईंना मुलाखती घेऊ दिल्या, पुढे येऊ दिलं.

१९७१मध्ये डाउन्स कार्यक्रम सोडून गेले आणि फ्रँक मॅक्गी आले. इथे या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग आहे, आणि तो पडद्यावर घडलेला नाही. वॉशिंग्टनचे मंत्री, सल्लागार स्टुडिओत यायचे. त्यांना बाईनं प्रश्न विचारायचे, हे मॅक्गींना खपेना. ते थेट वाहिनीच्या अध्यक्षांकडे गेले. तिथे तोडगा निघाला : असा कोणी मोठा पाहुणा आला की पहिले तीन प्रश्न मॅक्गी विचारतील, चौथ्यापासून वॉल्टर्सनी विचारावेत. पाच-सात मिनिटांच्या मुलाखतीत पहिल्या तीन प्रश्नांनंतर काय उरतं, हे कोणीही सांगेल.

मात्र हा नियम स्टुडिओपुरता होता. बाहेर जाऊन, स्वतः वेळ मिळवून घेतलेली मुलाखत सर्वस्वी बाईंची. मग काय, त्यांनी पत्रं लिहायचा आणि फोन करायचा सपाटा लावला. सेक्रेटरींशी ओळखी, बड्यांच्या बायकांशी मैत्री, मेजवान्या, नकार आला तर महिन्याभरानं पुन्हा पत्र. १९७२च्या फेब्रुवारीत त्यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे उजवे हात एच. आर. हाल्डमन यांची मुलाखत मिळवली. हे गृहस्थ सहसा कोणाच्या हाती लागत नसत. राष्ट्राध्यक्षांच्या व्हिएतनाम योजनेवर टीका करणारे शत्रूला मदत करताहेत, असं ते त्या मुलाखतीत बोलून गेले आणि देशभर गदारोळ झाला. त्याच महिन्यात निक्सन चीनला गेले, तेव्हा बरोबरच्या पत्रकारांत ज्या मोजक्या बायका होत्या त्यांत वॉल्टर्स होत्या. मॅक्गींनी दार लावून घेतलं नसतं, तर बाई एवढ्या घराबाहेर पडल्या असत्या की नाही, मला शंका आहे.

करारातही त्यांनी एक कलम घालून ठेवलं होतं : मॅक्गी कार्यक्रमातून गेले, तर वॉल्टर्सना सहनिवेदकाचा दर्जा द्यायचा. मॅक्गी यांचं एप्रिल १९७४मध्ये कर्करोगानं निधन झालं आणि ते कलम लागू झालं. दहा वर्षं रोज पडद्यावर दिसणाऱ्या बाईला पदाचं नाव मिळायला असा योग यावा लागला.

आता ती गाजलेली खुर्ची. तीन मोठ्या वाहिन्यांत एबीसी तिसरी, म्हणजे शेवटची. तिनं १९७६च्या वसंतात वॉल्टर्सना पाच वर्षांचा करार देऊ केला, वर्षाला दहा लाख डॉलर. एवढा पैसा तोवर कोणत्याही वृत्तनिवेदकाला मिळाला नव्हता, पुरुषालाही नाही. हाहाकार उडाला. सीबीएसचे वॉल्टर क्रॉन्काइट म्हणजे त्या व्यवसायातले भीष्माचार्य. ही बातमी ऐकून आता आपण सगळेच बुडालो असं वाटून मळमळलं, अशा अर्थाचं ते बोलले. निम्मे पैसे वृत्तविभाग देणार होता आणि निम्मे करमणूक विभाग, वर्षातून चार खास मुलाखत-कार्यक्रमांसाठी, हा तपशील मथळ्यांच्या गर्दीत कोणी फारसा सांगितला नाही.

एबीसीत बाईंचा सासुरवास सुरू झाला. रीझनर यांना शेजारी दुसरं कोणीच नको होतं, त्यातून ही. ते बाईंना पाण्यात पाहत, आणि कॅमेरा काहीच लपवत नाही. परराष्ट्रमंत्री राहिलेल्या किसिंजर यांच्यावरच्या एका भागानंतर बाई गमतीनं म्हणाल्या, की वॉशिंग्टनमध्ये त्यांच्यावर भाळणाऱ्या बायका कमी नव्हत्या. त्यावर रीझनर यांनी, ते माझ्यापेक्षा तुम्हालाच ठाऊक असणार, असं भर प्रक्षेपणात सुनावलं. बाई किती वेळ बोलल्या हे सेटवर स्टॉपवॉच लावून मोजलं जायचं आणि तेवढीच मिनिटं-सेकंदं रीझनरना मिळायची, असं त्या सांगत. त्या काळात अभिनेते जॉन वेन यांची तार आली. या नालायकांपुढे खचू नका, असा तिचा मथितार्थ होता. बाई ती आयुष्यभर विसरल्या नाहीत.

पण सगळं खापर रीझनर यांच्यावर फोडणं मला पटत नाही. अर्ध्या तासाच्या बातम्यांतून जाहिराती वजा जाता बावीस-तेवीस मिनिटं उरतात. एबीसीचा विचार बातम्यांची वेळ वाढवायचा होता, म्हणजे वॉल्टर्सच्या मुलाखतींना जागा झाली असती. गावोगावच्या संलग्न केंद्रांनी ती वेळ सोडायला साफ नकार दिला, कारण त्या वेळेचं जाहिरातीचं उत्पन्न त्यांचं होतं. मुलाखती हा जिचा हातखंडा, तिला दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या वाचायला बसवलं. शिवाय त्यांचा ‘र’ नीट उमटत नसे. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमात गिल्डा रॅडनर यांनी ‘बाबा वावा’ नावानं त्याची नक्कल सुरू केली आणि ती घराघरात पोचली. बाईंना ते फार लागलं होतं.

१९७७मध्ये रून आर्लेज हे क्रीडाविभागाचे प्रमुख वृत्तविभागाचेही प्रमुख झाले. त्यांनी ओळखलं, की या बाईला बांधून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी मे महिन्यात त्या क्यूबाला जाऊन फिडेल कॅस्ट्रो यांना भेटल्या. कॅस्ट्रो स्वतः जीप चालवत त्यांना डोंगरात घेऊन गेले. वाटेत ओढे लागायचे, तेव्हा कॅस्ट्रो यांचं पिस्तूल आणि पोरांना वाटायच्या गोळ्यांचा डबा भिजू नये म्हणून वर धरून बसायचं, हे काम बाईंकडे होतं. नोव्हेंबरात इजिप्तचे अन्वर सादात जेरुसलेमला गेले. त्या विमानात क्रॉन्काइट होते, वॉल्टर्सही होत्या. तिथे सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांना शेजारी शेजारी बसवून पहिली एकत्र मुलाखत घेतली ती वॉल्टर्सनी. क्रॉन्काइट धावत मागून आले आणि त्यांनीही मुलाखत मिळवली. पण ती संपल्यावर, बार्बराला माझ्यापेक्षा जास्त काही मिळालं का, असं त्यांनी विचारलं, ते ध्वनिमुद्रणात राहून गेलं. दीड वर्षापूर्वी मळमळलं होतं ते याच क्रॉन्काइटना.

जुलै १९७८मध्ये एबीसीनं बातम्यांची रचनाच बदलली. वॉशिंग्टन, शिकागो आणि लंडन अशा तीन शहरांतून तीन पुरुष निवेदक आले, रीझनर आपल्या जुन्या सीबीएसमध्ये परतले आणि वॉल्टर्स मुलाखतींकडे वळल्या. पुढची पंचवीस वर्षं ‘ट्वेंटी ट्वेंटी’ हा एबीसीचा वृत्तकार्यक्रम आणि त्यांचे खास कार्यक्रम. तयारीची पद्धत ठरलेली : पोस्टकार्डापेक्षा लहान पुठ्ठ्याच्या कार्डांवर एकेक प्रश्न, भेटेल त्याला ‘तुम्ही काय विचाराल?’ असं विचारून गोळा केलेले, कधी शंभराच्या वर. मग गाळायचे, क्रम लावायचा, पुन्हा मोडायचा. ३ मार्च १९९९ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्याशी असलेल्या संबंधांमुळे गाजलेल्या मोनिका ल्युइन्स्की यांची मुलाखत दाखवली गेली. सुमारे सात कोटी अमेरिकनांनी ती थोडीफार तरी पाहिली. त्याआधी १९९७मध्ये त्यांनी ‘द व्ह्यू’ हा बायकांच्या चर्चेचा कार्यक्रम काढला. १६ मे २०१४ला त्या तिथूनच निवृत्त झाल्या, ८४व्या वर्षी. ३० डिसेंबर २०२२ला त्यांचं निधन झालं.

कौतुकाच्या भरात एक बाजू झाकायला नको. सत्ताधाऱ्यांशी जवळीक हे त्यांचं भांडवल होतं आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली. १९७६च्या डिसेंबरात नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष कार्टर यांची मुलाखत संपवताना, आमच्याशी शहाणपणानं वागा, चांगलं वागा, असं त्यांनी विनवलं आणि त्यांची टर उडाली. ती उडायलाच हवी होती. पत्रकारानं राष्ट्राध्यक्षाला नवस बोलायचा नसतो. पुढे इराणला चोरून शस्त्रं विकल्याचं प्रकरण निघालं, तेव्हा त्यातल्या एका शस्त्रदलालाचे कागद त्यांनी परस्पर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यापर्यंत पोचवले. हे १९८७मध्ये उघडकीला आलं आणि नियमभंग झाल्याचं त्यांच्याच वाहिनीला जाहीर करावं लागलं.

राहता राहिली ती खुर्ची. वॉल्टर्सनंतर सतरा वर्षांनी, १९९३मध्ये, सीबीएसनं कॉनी चंग यांना डॅन रादर यांच्या शेजारी बसवलं. दोन वर्षांत तीही जोडी मोडली. एका बाईला संध्याकाळच्या बातम्यांचं काम एकटीनं, कायमचं मिळालं ते थेट २००६मध्ये, सीबीएसवर केटी कूरिक यांना.

प्रश्न : मग आपण अमेरिकेच्या पुढे होतो म्हणायचं का? आपल्या दूरदर्शनवर तर सुरुवातीपासून बायका बातम्या देत होत्या. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : खुर्चीपुरतं बोलायचं तर होतो. दिल्लीत १९६५मध्ये रोजचं बातमीपत्र सुरू झालं तेव्हा ते वाचणाऱ्या प्रतिमा पुरी होत्या. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि थोड्याच काळात मराठी बातम्यांत स्मिता पाटील, भक्ती बर्वे दिसू लागल्या. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या, ही आठवण तर आता दंतकथेसारखी झाली आहे. तिकडे ब्रिटनमध्ये बीबीसीनं १९६०मध्ये नॅन विंटन यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवून, प्रेक्षकांना बाई रुचत नाही म्हणत थोड्याच महिन्यांत उठवलं होतं.

पण आपल्याकडे बातमीपत्र लिहिणारे वेगळे आणि वाचणारे वेगळे. शुद्ध उच्चार, स्वच्छ वाणी आणि समोर आलेला कागद, एवढाच निवेदिकेचा अधिकार. मंत्र्याला आडवा प्रश्न विचारायची मुभा तिला नव्हती आणि शेजारच्या पुरुष निवेदकालाही नव्हती. ३१ ऑक्टोबर १९८४ला इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी सलमा सुलतान यांनी संध्याकाळी वाचली. गोळ्या सकाळी झाडल्या गेल्या होत्या आणि बीबीसी रेडिओ ऐकणाऱ्यांना ते केव्हाच कळलं होतं. बातमी केव्हा सांगायची, हे ती वाचणाऱ्या बाईच्या हातात नव्हतंच. मॅक्गींचं भांडण खुर्चीवरून नव्हतं, पहिल्या प्रश्नावरून होतं. आपल्याकडे ते भांडण उद्भवायला खासगी वाहिन्या याव्या लागल्या.

प्रश्न : तुम्ही झाड असता तर कुठलं झाड असता, असा खुळा प्रश्न विचारणाऱ्या त्या याच का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : त्याच, पण थोडं त्यांच्या बाजूनंही ऐका. १९८१मध्ये अभिनेत्री कॅथरीन हेपबर्न मुलाखतीत आपणहून म्हणाल्या, की या वयात मी एखाद्या झाडासारखी झाले आहे. त्यावर वॉल्टर्सनी विचारलं, कुठल्या? समोरच्यानं झाडाचा विषय काढल्यावर दुसरं काय विचारणार? हेपबर्न यांनी ओक सांगितलं, एल्म नको म्हणाल्या, कारण अमेरिकेतल्या एल्मना रोग लागला होता. पण लोकांच्या लक्षात राहिला तो नुसता प्रश्न, आधीचं वाक्य गळालेला. रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे सूत्रधार जॉनी कार्सन यांनी त्यावर वर्षानुवर्षं विनोद केले. वॉल्टर्स चिडून मूळ चित्रफितीचा हवाला देत राहिल्या, आणि लोक त्यांना पुढच्या मुलाखतीत झाडाचंच विचारत राहिले.