रविवारी न दुखणारे पोट

प्रश्न : मुलगी मिशनच्या इंग्रजी शाळेत पहिलीत आहे. घरी आम्ही चंदगडीच बोलतो. वर्गात ती गप्प असते, सकाळी पोट दुखतं म्हणते. प्रार्थनेलाही बिचकते. काय करावे?
– एक पालक, चंदगड तालुका

उत्तर : आधी डॉक्टरांना दाखवा. रविवारी दुखत नसेल, तर कारण बहुधा धास्तीचे. मूल नवी भाषा आधी ऐकून साठवते, मग बोलते. मधले काही महिने गप्प राहणे स्वाभाविक आहे. तोवर तिला इंग्रजीत विचारावे लागू नये म्हणून वर्गाच्या बाईंना भेटून लघवीला जाण्यासाठी हाताची एक खूण ठरवून घ्या. घरी चंदगडीतच गोष्टी सांगा. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर देते. प्रार्थनेचे म्हणाल, तर मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेची सक्ती करता येत नाही (राज्यघटना, कलम २८(३)). मुख्याध्यापकांशी मोकळेपणाने बोला. आणि ‘आज काय शिकलीस?’ऐवजी ‘डबा कुणासोबत खाल्लास?’ असे विचारत जा.