दोष कोणाचा? एका थिजलेल्या संगणकाची चौकशी

विद्यार्थिमित्रहो, घरांत एखादी वस्तु बिघडली म्हणजे ती शेवटीं कोणाच्या हातांत होती, हेंच आपण आधीं विचारतों. घड्याळ बंद पडलें तर ज्यानें किल्ली दिली तो अपराधी. रहाटाचा दोर तुटला तर ज्यानें शेवटची घागर ओढली तो अपराधी! कित्येकदां हा न्याय बरोबर ठरतो. परंतु कित्येकदां तो केवळ उतावळेपणाचा असतो. गेल्या पावसाळ्यांत आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यावर असाच आळ आला होता. तो कसा दूर झाला हें सांगतां सांगतां, संगणकाच्या एका नेहमींच्या दुखण्याची चौकशी पद्धतशीरपणें कशी करावी, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

त्याच्या घरीं एक जुना लॅपटॉप आहे. सकाळीं वडील त्यावर आपल्या दुकानाचा हिशेब लिहितात आणि संध्याकाळीं मुलगा अभ्यास करितो. हें यंत्र अधूनमधून एकाएकीं थिजूं लागलें. आपल्या नित्याच्या बोलण्यांत ‘हँग’ होऊं लागलें. पडद्यावरील बाण जागच्या जागीं थांबे, घड्याळाचा मिनिट पुढें सरकत नसे, आणि गाणें चालू असेल तर त्याचा एकच तुकडा करवतीसारखा घरघरत राही. बटण दाबून धरून यंत्र बंद करण्यावांचून दुसरा उपाय नसे. विशेष हें कीं, वडिलांच्या हातीं असतां हें एकदांहि घडलें नाहीं. जेव्हां जेव्हां घडलें, तेव्हां मुलाच्याच हातीं घडलें. वडिलांनीं सरळ अनुमान काढिलें, “तूंच त्यांत कांहीं तरी भलतें भरलें आहेस.” यंत्र दुकानांत देऊन सर्व पुसून नव्यानें भरून घ्यावें, म्हणजे ‘फॉरमॅट’ करून घ्यावें, असें ठरलें.

मुलास बोलणीं बसलीं याचें दुःख होतेंच. पण त्याची खरी भीति निराळी होती. त्याची आजी दोन वर्षांपूर्वीं वारली. तिच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्या त्यानें ध्वनिमुद्रित करून त्याच यंत्रांत ठेविल्या होत्या. दुसरी प्रत कोठेंच नव्हती. तो माझ्याकडे आला, तेव्हां आपण निर्दोष आहों असा शब्दहि त्यानें काढिला नाहीं. “सर, पुसण्याच्या आधीं ओव्या कशा काढून घेऊं?” एवढेंच त्यानें विचारिलें.

मित्रहो, पहिला धडा त्याच्या या प्रश्नांतच आहे. यंत्र बिघडलें असें दिसतांच दुरुस्तीस हात घालूं नये. आधीं त्यांतील मोलाचा ऐवज सुरक्षित जागीं हलवावा. सकाळीं यंत्र सुरळीत चालतें हें ठाऊक होतें. म्हणून दुसऱ्या दिवशीं सकाळींच त्यानें सर्व ओव्या आणि वडिलांचे हिशेब एका पेन ड्राइव्हवर उतरून घेतले व शाळेंतील दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिले. नुसती प्रत घेतल्यानें भागत नाहीं. ती उघडते कीं नाहीं हेंहि पाहिलें पाहिजे.

मग त्यानें वडिलांकडे आठ दिवसांची मुदत मागितली, आणि ती मिळाली. मीं त्यास एक कोरी वही दिली. यंत्र केव्हां सुरू केलें, कोण बसलें होतें, काय काम चाललें होतें, इंटरनेट कशानें जोडलें होतें आणि यंत्र थिजलें कीं नाहीं, अशीं पांच घरें आंखून घरांतील सर्वांनीं रोज तीं भरावयाचीं. यंत्रांच्या इतिहासांत वहीचा हा रिवाज जुना आहे. १९४७ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या प्रचंड गणकयंत्रांत एक पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो चिकटपट्टीनें आपल्या नोंदवहींत लावून ठेविला व शेजारीं वेळेसह नोंद केली. तें पान आजहि जतन केलेलें आहे. मनुष्याची आठवण आपल्या मताच्या बाजूनें झुकते. वही झुकत नाहीं.

आठ दिवसांत यंत्र पांच वेळां थिजलें. पांचहि वेळां संध्याकाळ होती, पांचहि वेळां मुलगाच बसला होता. वडिलांचा संशय खरा ठरतो असें वाटलें. पण चौथ्या घरांत आणखी एक गोष्ट पांचहि वेळां सारखीच निघाली. प्रत्येक वेळीं वाय-फाय, म्हणजे तारेवांचूनची जोडणी, चालू होती. वडील हिशेब लिहितांना वाय-फाय बंदच ठेवीत.

दोन गोष्टी नेहमीं जोडीनें येत असल्या, तर त्यांतील कारण कोणती हें नुसत्या पाहण्यानें कळत नाहीं. एक ठेवून दुसरी काढून पाहावी लागते. म्हणून रविवारीं अदलाबदल केली. सकाळीं वडील स्वतः बसले आणि वाय-फाय चालू ठेवून एक लांबलचक कीर्तन पाहूं लागले. चाळीस मिनिटांनीं यंत्र त्यांच्याच हातांत थिजलें! संध्याकाळीं मुलगा बसला. त्यानें वाय-फाय बंद करून यंत्रास इंटरनेटची तार जोडली व तीन तास तसेंच काम केलें. यंत्रानें एकदांहि अडखळ घेतली नाहीं. मनुष्य बदलला तरी दोष बदलला नाहीं. जोडणी बदलतांच दोष गेला. मुलगा निर्दोष ठरला. आतां खरा दोषी शोधावयाचा होता.

येथें थोडें शास्त्र समजून घेऊं. संगणकांत वाय-फायचें काम एक लहानसें कार्ड करितें. ज्या मुख्य प्रणालीवर यंत्र चालतें तिला या कार्डाची भाषा येत नाहीं; म्हणून दोघांच्या मध्यें एक दुभाषा लागतो. या दुभाष्यास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. तो म्हणजे एक आज्ञावलीच होय. परंतु साध्या आज्ञावलींत आणि तिच्यांत मोठा भेद आहे. आपण लिहिण्याची किंवा गाण्याची जी आज्ञावली वापरतों, ती ओसरीवर बसणाऱ्या पाहुण्यासारखी असते. ती बिघडली तर प्रणाली तिला बाहेर घालविते आणि घराचा व्यवहार चालू राहतो. वाय-फायचा ड्रायव्हर मात्र बहुधा माजघरांत, ज्यास ‘कर्नल’ म्हणतात त्या गाभ्यांत, काम करितो. तेथें त्यास आवरणारा कोणी नसतो. त्याचें पाऊल चुकलें कीं सगळें घर खोळंबतें.

तें कसें खोळंबतें, हें एका दृष्टान्तानें पाहा. कोठीची किल्ली एका गड्याजवळ आहे आणि कंदील दुसऱ्याजवळ. किल्लीवाला कंदिलाची वाट पाहत उभा आहे. कंदीलवाला किल्लीची वाट पाहत उभा आहे. दोघेहि आज्ञाधारक, पण हातची वस्तु आधीं कोणी सोडावी हें त्यांना सांगितलेलेंच नाहीं. कोठी जन्मांत उघडणार नाहीं! ड्रायव्हरच्या लिखाणांत अशी एक चूक राहून गेली, तर गाभ्याचीं कामें एकमेकांची वाट पाहत थांबतात, आणि बाण, घड्याळ, आवाज हीं सर्व एकदम थिजतात. वाय-फायच्या कार्डास कधीं वीज वांचविण्यासाठीं झोपावें लागतें, कधीं जागें व्हावें लागतें, कधीं तुटलेली जोडणी पुन्हां जुळवावी लागते. म्हणून त्याच्या दुभाष्याचें काम फार गुंतागुंतीचें असतें. अशी चूक तेथें लपून राहण्यास जागाहि पुष्कळ.

गाभ्यांतील एक चूक केवढा अनर्थ करूं शकते, हें १९ जुलै २०२४ रोजीं सर्व जगानें पाहिलें. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीचा एक भाग विंडोजच्या गाभ्यांत चालतो. त्या दिवशीं तिच्यासाठीं पाठविलेली एक माहितीची फाइल सदोष निघाली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख संगणक कोसळले. विमानें खोळंबलीं, भारतांतहि कांहीं विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले पास द्यावे लागले. पुष्कळ ठिकाणीं मनुष्यानें एकेका यंत्रापाशीं जाऊन तें ‘सेफ मोड’ मध्यें सुरू करून ती एक फाइल काढून टाकावी लागली. सेफ मोड म्हणजे अगदीं आवश्यक तेवढ्याच दुभाष्यांना घेऊन यंत्र चालविण्याची रीत. ज्याचें यंत्र सुरू होतांच थिजतें, त्यानें प्रथम हाच मार्ग धरावा.

आतां आमच्या चौकशीकडे वळूं. वाय-फाय दोषी हें ठरलें. पण कार्ड दोषी कीं त्याचा दुभाषा दोषी? कार्ड खराब असेल तर नवें विकत घ्यावें लागेल. दुभाषा खराब असेल तर एक पैहि खर्च नाहीं. हा भेद ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. लिनक्स नांवाची एक मोफत प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवितां येते. यंत्रांतील मजकुरास हात लावावा लागत नाहीं. मात्र सुरू होतांना ‘स्थापना करा’ हा पर्याय न निवडतां ‘करून पाहा’ हाच निवडावा. लिनक्सजवळ त्याच कार्डासाठीं स्वतःचा निराळा दुभाषा असतो. मुलानें तसें करून त्याच वाय-फायवर तीन तास तेंच काम केलें. यंत्र थिजलें नाहीं. कार्ड तेंच, घर तेंच, काम तेंच. बदलला तो फक्त दुभाषा. संशय आतां एकाच ठिकाणीं येऊन थांबला.

पुढचें काम उपायाचें. मुलाचा उत्साह असा कीं, चारपांच गोष्टी एकदम बदलून मोकळें व्हावें. मीं त्यास आवरिलें. चार औषधें एकदम घेतलीं तर गुण कोणत्या औषधाचा हें वैद्यासहि सांगतां येत नाहीं. एका वेळीं एकच बदल, त्याची परीक्षा, गुण न आला तर तो बदल मागें घेऊन मग दुसरा. प्रथम ‘डिव्हाइस मॅनेजर’ मध्यें जाऊन, वीज वांचविण्यासाठीं कार्ड बंद करण्याची जी मुभा असते ती काढून घेतली. तासाभरानें यंत्र थिजलें. तो बदल मागें घेतला. नंतर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हें बटण पाहिलें. त्यानें पूर्वींचा ड्रायव्हर परत बसवितां येतो. परंतु जुना ड्रायव्हर यंत्रांत राहिलेला नसल्यामुळें तें बटण फिकें होतें, म्हणजे दाबतां येत नव्हतें.

तेव्हां योग्य ड्रायव्हर बाहेरून आणणें भाग पडलें. येथें फार जपावें. ‘सर्व ड्रायव्हर फुकट’ अशी जाहिरात करणाऱ्या अनोळखी ठिकाणांहून कांहीं घेऊं नये. चोर पुष्कळदां याच वेषानें घरांत शिरतो. डिव्हाइस मॅनेजरमध्यें कार्डाच्या तपशिलांत ‘हार्डवेअर आयडी’ असतो. त्यांतील एक संकेत कार्ड करणाऱ्याचा व दुसरा त्या जातीच्या कार्डाचा असतो. तो त्यानें वहींत उतरून घेतला आणि लॅपटॉपच्याच कंपनीच्या संकेतस्थळावर, आपल्या लॅपटॉपच्या नेमक्या नमुन्याखालीं, त्या कार्डाचा ड्रायव्हर शोधला. हें सर्व तार जोडून केलें. मग ‘रिस्टोअर पॉइंट’, म्हणजे परत फिरण्याची खूण, करून ठेविली, जुना ड्रायव्हर त्याच्या फाइलींसकट काढून टाकला, नवा बसविला, यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें.

त्यानंतर पंधरा दिवस वही भरली गेली. शेवटच्या घरांत पंधराहि दिवस ‘नाहीं’ असेंच लिहिलेलें आहे. तरीहि प्रणाली आपण होऊन अद्ययावत होतांना ड्रायव्हर बदलूं शकते. म्हणून महिन्यांतून एकदां त्याचा आवृत्तिक्रमांक वहींतील क्रमांकाशीं ताडून पाहण्याचें त्यानें ठरविलें आहे.

पालकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ठरल्याप्रमाणें यंत्र फॉरमॅट केलें असतें, तर ओव्या गेल्या असत्या. आणि प्रणालीनें तोच सदोष ड्रायव्हर आपण होऊन पुन्हां बसविला असता, तर दुखणेंहि परत आलें असतें. मग मुलावरचा आळ अधिकच दृढ झाला असता. कारण ‘सर्व पुसून दिलें, तरी यानें पुन्हां बिघडविलें’ असेंच सर्व म्हणाले असते. चुकीच्या निदानानें रोग तर राहतोच, वर निरपराध्यास शिक्षा होते.

विद्यार्थ्यांनींहि ध्यानांत घ्यावें कीं, हा मुलगा रागावला नाहीं, रडला नाहीं, वाद घालीत बसला नाहीं. त्यानें वही भरली. सत्य आपल्या बाजूस असेल तर त्यास मोठ्या आवाजाची गरज नसते. नीट आंखलेलीं पांच घरें पुरतात.

ती वही मीं परवां तपासण्यासाठीं मागून घेतली. शेवटच्या नोंदीखालीं निराळ्या हस्ताक्षरांत, दुकानाच्या हिशेबाच्या वळणाचीं अक्षरें होतीं. तेथें एवढेंच लिहिलें होतें : “चौकशी पूर्ण. मुलाचा दोष नव्हता. अनुमान माझें चुकलें.” आणि खालीं वडिलांची सही होती.