ओळखीतून फ्लॅट सांभाळायला देताना: खर्च किती आणि तो कोणाच्या खिशातून

फ्लॅट पुण्यात बाणेरला, कोथरूडला नाहीतर खराडीला आणि मालक न्यू जर्सीत, दुबईत किंवा बंगळुरात, अशी घरे आता प्रत्येक सोसायटीत सापडतात. या घरांना भाडेकरू शोधणे, करार करणे, नळ गळला तर प्लंबर पाठवणे आणि भाडेकरू गेला की चावी ताब्यात घेणे हे सगळे करून देणारे छोटे व्यावसायिक गेल्या काही वर्षांत वाढले आहेत. त्यांची बहुतेक कामे जाहिरातीवर येत नाहीत. एका मालकाचे काम नीट झाले की तो आपल्या मेव्हण्याला सांगतो, मेव्हणा कंपनीतल्या मित्राला सांगतो, आणि परदेशातल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच नंबर फिरत राहतो. व्यवसाय वाढवण्याचा याहून स्वस्त आणि प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही. पण ओळखीने माणूस मिळाला की आपण दर विचारायला संकोचतो. तो संकोच वर्षाअखेरी महाग पडतो, म्हणून इथे आकडे मांडतो.

समजा, भाडे महिना ३०,००० रुपये, डिपॉझिट १ लाख आणि करार ११ महिन्यांचा.

सांभाळणाऱ्याची फी बाजारात साधारण दोन पद्धतींनी घेतली जाते. कोणी वर्षाला एका महिन्याचे भाडे घेतो, कोणी दरमहा भाड्याच्या ५ ते १० टक्के. ८ टक्के धरले तर महिन्याला २,४०० आणि ११ महिन्यांचे २६,४०० रुपये होतात. व्यावसायिक जीएसटीत नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे एकूण ३१,१५२. ज्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे त्याला नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसेल तर त्याला जीएसटी लावताच येत नाही. बिलावर जीएसटीची रक्कम असेल तर नोंदणी क्रमांकही असलाच पाहिजे. तो नसेल तर ते पैसे देऊ नका.

यात भाडेकरू शोधण्याचे पैसे आले की नाही, हा पहिला प्रश्न. बऱ्याच ठिकाणी ते वेगळे असतात: एका महिन्याचे भाडे किंवा अर्ध्या महिन्याचे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की तोच भाडेकरू दुसऱ्या वर्षी राहिला तर ब्रोकरेज पुन्हा द्यायचे का. नूतनीकरणाला फक्त कागदपत्रांचा खर्च घेणारे लोक आहेत आणि दर वर्षी महिन्याचे भाडे मागणारेही आहेत. ही गोष्ट तोंडी ठरवू नका.

करार नोंदवण्याचा खर्च सरकारने ठरवलेला आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे १० टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का. आपल्या उदाहरणात ते साडेआठशे-नऊशे रुपयांच्या घरात जाते. शहरी भागात नोंदणी फी १,००० आणि ऑनलाइन नोंदणीसाठी दस्त हाताळणी ३०० रुपये. सरकारी खर्च साधारण २,२०० रुपये, आणि तो बहुतेक ठिकाणी मालक-भाडेकरू निम्मा-निम्मा वाटून घेतात. एजंट घरी येऊन अंगठा आणि फोटो घेतो त्या फेरीचे पैसे वरचे. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते, त्याला सरकारी फी नाही. त्यासाठी कोणी वेगळे हजार-पंधराशे लावत असेल तर कशाचे, ते विचारा.

‘अकरा महिन्यांचाच तर आहे, नोटरी करून टाकू’ असे सांभाळणारा म्हणाला तर मात्र तिथेच थांबा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. ही जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. हजार रुपये वाचवण्यासाठी हा धोका पत्करायला सांगणारा माणूस तुमचे घर सांभाळण्याच्या लायकीचा नाही, मग त्याची शिफारस कोणीही केलेली असो.

आता जो खर्च सांभाळणारा सहसा सांगत नाही तो. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी ना-वापर शुल्क लावते. सहकार खात्याच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. सेवाशुल्क २,५०० असेल तर महिन्याला २५०, ११ महिन्यांचे २,७५०. पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. भाड्याने दिलेल्या घराला ती मिळत नाही. हा फरक तुमच्या मिळकतकराच्या बिलावरून काढा, तो घराप्रमाणे बदलतो.

बेरीज करून पाहा. जीएसटीसह फी ३१,१५२, ब्रोकरेज ३०,००० (ब्रोकर जीएसटीत नाही असे धरून), नोंदणीचा निम्मा वाटा १,१०० आणि ना-वापर शुल्क २,७५०. एकूण ६५,००२ रुपये. ११ महिन्यांचे भाडे ३,३०,०००. म्हणजे पहिल्या वर्षी भाड्याचा जवळपास पाचवा हिस्सा गेला, दुरुस्ती आणि मिळकतकर सोडून. दुसऱ्या वर्षी ब्रोकरेज लागले नाही तर हाच खर्च ३५,००० वर येतो. दर वर्षी ब्रोकरेज घेणारा आणि न घेणारा यांत जो फरक आहे तो हा.

प्राप्तिकरात यातले फारसे काही परत मिळत नाही. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकतकर आणि त्यानंतर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. व्यवस्थापनाची फी किंवा ब्रोकरेज वेगळे दाखवता येत नाही. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून कर कापून भरायचा असतो, रक्कम कितीही लहान असो, आणि दर ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. विवरणपत्र भरून जास्तीचा कर परत मिळतो, पण वर्षभर हातात पैसे कमी येतात. सांभाळणारा ही गोष्ट आधी स्वतःहून सांगतो की नाही, यावर त्याला काम किती कळते ते समजते.

शिफारशीचे बक्षीस

आता शिफारस करणाऱ्याकडे वळू. ‘तुमच्या ओळखीचा एक मालक आणा, आम्ही तुम्हाला अमुक देऊ’ असे बरेच व्यावसायिक सांगतात. त्यात गैर काही नाही. प्रश्न रकमेचा आणि ती लपवण्याचा आहे.

व्यावसायिकाच्या बाजूने हिशेब करा. नवा मालक त्याला वर्षाला २६,४०० रुपये देणार. शिफारस करणाऱ्या जुन्या मालकाला एका महिन्याची फी माफ केली तर त्याचा खर्च २,४००, आणि हाती २४,००० उरतात. जाहिरातीवर, पोर्टलवर इतक्या पैशात खात्रीचा मालक मिळत नाही, म्हणून हे दोघांनाही परवडते. पण त्याने शिफारशीपोटी अर्ध्या महिन्याचे भाडे, म्हणजे १५,००० रुपये दिले, तर त्याच्या वर्षाच्या फीचा निम्म्याहून जास्त भाग गेला. तो कुठून भरून काढणार? प्लंबरच्या बिलातून, रंगाऱ्याच्या कोटेशनमधून, भाडेकरूच्या डिपॉझिटमधून. माझा स्वतःचा निकष साधा आहे: बक्षीस एका महिन्याच्या फीएवढे असेल तर ठीक, त्याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर बिले बारकाईने तपासायची तयारी ठेवा.

हा व्यवसाय करणाऱ्यांना माझी सूचना: बक्षीस रोख देण्याऐवजी जुन्या मालकाच्या फीत सूट म्हणून द्या. नव्या घराचे तीन महिन्यांचे भाडे मालकाच्या खात्यात जमा झाल्यावरच द्या. आणि नव्या मालकाला पहिल्याच भेटीत सांगा की अमुक यांनी तुमचे नाव दिले आणि त्यांना इतकी सूट मिळणार आहे. एवढे उघड सांगणाऱ्याकडे लोक दुसरे घरही देतात. सोसायटीच्या वॉचमनला किंवा कमिटीतल्या सभासदाला मात्र शिफारशीचे पैसे देऊ नका. भाडेकरूची कागदपत्रे सोसायटीकडे जाणार, पार्किंगचे भांडण सोसायटीत सुटणार. ज्याने निष्पक्ष राहायचे त्यालाच पैसे मिळत असतील तर उद्या मालकाची बाजू कोण घेणार?

तुम्ही शिफारस करणारे असाल तर समोरच्याला सूट मिळणार असल्याचे स्पष्ट सांगा. नात्यात ते सांगणे अवघड वाटते, पण नंतर दुसऱ्याकडून कळले तर फार वाईट दिसते. रोख घेतलेत तर ते तुमचे उत्पन्न आहे, विवरणपत्रात दाखवा.

जुन्या मालकाला काय विचारायचे

‘माणूस चांगला आहे’ एवढ्यावर कोणी घर देऊ नये. जुन्या मालकाला त्याचा मागचा भाडेकरू कधी गेला, ते विचारा. घर किती दिवस रिकामे राहिले? डिपॉझिटमधून किती कापले आणि त्याचे बिल दाखवले का? भाडेकरू आत असताना सगळेच सांभाळणारे चांगले असतात. खरी परीक्षा तो सोडून जातो त्या दिवशी असते.

त्या दिवशी चांगला माणूस काय करतो ते पाहण्यासारखे आहे. तो आधी विजेच्या मीटरचा फोटो काढतो, मग गॅसच्या मीटरचा. गीझर चालू करून दहा मिनिटे थांबतो आणि गरम पाणी नळाला येते का ते बघतो. किचनची प्रत्येक ट्रॉली ओढून बंद करतो, कारण बेअरिंग गेलेली ट्रॉली बाहेरून कळत नाही. बेडरूममध्ये एसीचा रिमोट, बाल्कनीच्या जाळीची कडी, कपाटाच्या चाव्या मोजून घेतो. भिंतीवरचे खिळ्याचे भोक आणि ओल यांत फरक करतो. भोक भाडेकरूचे, ओल बहुधा वरच्या मजल्याची. हे सगळे घर देतानाच्या फोटोंशी ताडून, भाडेकरूसमोर यादीवर सही घेऊन तो त्याच संध्याकाळी मालकाला पाठवतो. अशी एक जुनी यादी, नावे झाकून, दाखवायला सांगा. ज्याच्याकडे ती नाही त्याला दरातली सवलत घेऊनही काम देऊ नये.

दुरुस्तीवर १० ते १५ टक्के सेवाशुल्क घेणे रास्त आहे, कारण माणूस उभा राहून काम करून घेतो. अट एवढीच की कारागिराचे मूळ बिल आणि कामाआधीचा-नंतरचा फोटो मिळाला पाहिजे, आणि ठरलेल्या रकमेवरच्या, समजा ३,००० वरच्या, कोणत्याही कामाला आधी होकार घेतला पाहिजे.

डिपॉझिट आणि भाडे थेट मालकाच्या खात्यात जावे, अनिवासी मालकाच्या एनआरओ खात्यात. सांभाळणाऱ्याच्या खात्यातून फिरून येणारे भाडे ही सोय वाटते, पण महिनाभर तुमचे पैसे त्याच्याकडे बिनव्याजी राहतात. मुखत्यारपत्र द्यायचेच असेल तर फक्त भाडेकराराच्या कामापुरते द्या, विक्रीचा अधिकार त्यात नको, आणि शक्यतो ते भाऊ-बहिणीच्या नावे करा. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करून घ्यावे लागते.

या सगळ्याचा एक पानी लेखी करार सांभाळणाऱ्याशी करा: फी, ब्रोकरेज, नूतनीकरण, दुरुस्तीची मर्यादा, काम सोडण्याची एक महिन्याची नोटीस. फसवणूक किंवा हलगर्जी झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही.