चार बिटांत बसविलेला अंक

अंकदर्शी घड्याळात पुष्कळदा दोन चिपा काम करीत असतात. एक केवळ वेळ मोजते; दुसरी, म्हणजे मायक्रोकंट्रोलर अथवा सूक्ष्मनियंत्रक, ती वेळ वाचून आपल्यापुढे मांडते. वेळ मोजणाऱ्या चिपांपैकी डीएस १३०७ ही सुपरिचित आहे. तिच्यात ५९ सेकंद ०१०१ १००१ असे नोंदविलेले असतात. सूक्ष्मनियंत्रकाने हीच आठ चिन्हे सरळ द्विमान संख्या म्हणून वाचली, तर त्याला ८९ मिळतात. मिनिटात ८९ सेकंद आले कोठून?

चिप चुकलेली नाही. तिने ५९ ही एक संख्या लिहिलेली नसून ५ आणि ९ हे दोन दशमान अंक, प्रत्येकी चार बिटांत, शेजारी शेजारी लिहिले आहेत. अंक नुसते दाखवावयाचे असतील तर ही रीत फार सोयीची. हिशेब करावयाचा झाला की रूपांतर अवश्य ठरते. डावीकडील गटातील प्रत्येक एककाला आपण दहाचे मोल देतो, यंत्र सोळाचे देते. भारतात १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे होत. तो रुपया एकाने दहा आण्यांचा समजून लिहिला व दुसऱ्याने सोळा आण्यांचा समजून वाचला, तर रुपयामागे सहा आण्यांची तफावत पडेल. येथेही तेच घडते. म्हणून ८९ मधून ५ × ६, म्हणजे ३०, वजा केले की ५९ हाती येतात. डावा गट दहाने गुणून त्यात उजवा मिळविला तरी उत्तर तेच. (या चिपेत सेकंदांच्या नोंदीतील सर्वांत डावा बिट घड्याळ थांबविण्यासाठी राखलेला असतो, तो आधी वगळावा.)

उलट दिशेने जाताना ४७ ला दहाने भागावे. भागाकार ४ डाव्या गटात, बाकी ७ उजव्या गटात. परंतु अनेक लहान सूक्ष्मनियंत्रकांत भागाकाराची आज्ञाच नसते. तेथे संख्येचे बिट एकेक करून डावीकडे अंकांच्या गटांत सरकवीत न्यावेत, आणि प्रत्येक वेळी सरकविण्यापूर्वी ज्या गटात ५ किंवा अधिक असतील त्यात ३ मिळवावेत. तीनच का? सरकविल्याने गट दुप्पट होतो, तिनाचे सहा होतात, आणि तीच तफावत भरून निघते.

रूपांतर विसरले तर चूक लगेच दिसत नाही, हा यातील खरा धोका. ० ते ९ पर्यंत दोन्ही वाचने एकच आहेत. नवानंतर मात्र एकदम १६ उमटतात. मोबाइल दूरध्वनीवरील लघुसंदेशात वर्षाचे अखेरचे दोन अंक याच संकेताने पाठविले जातात. जानेवारी २०१० मध्ये काही दूरध्वनींवर नुकतेच आलेले संदेश २०१६ सालचे म्हणून दिसू लागले. डिसेंबर २००९ पर्यंत त्याच आज्ञावलीने वर्ष बिनचूक दाखविले होते.