अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलं म्हणजे लिव्हर बिघडलं?

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी थोरल्या भावाचा मुलगा नववीत शिकतो. ताप हटेना म्हणून त्याचं रक्त तपासलं. ताप गेला, पण रिपोर्टात अल्कलाइन फॉस्फेटेज 380 आलं. शेजारी छापलेली मर्यादा मात्र 120. ‘लिव्हर खराब झालं’ अशी बातमी भावकीत पसरली. तेल-तूप बंद झालं, कबड्डी थांबली, कुणीतरी काविळीची मुळी आणून दिली. ऐन वाढीच्या वयातलं पोर उकडलेल्या भाज्यांवर आलं.

बारामतीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेऊन आधी विचारलं, “वय किती? यंदा उंची वाढली का?” यकृताच्या बाकीच्या चाचण्या, म्हणजे बिलिरुबिन, एसजीपीटी, जीजीटी, सगळ्या नॉर्मल होत्या. त्यांनी समजावलं ते असं: हे एन्झाइम यकृतात असतं तसं हाडांतही असतं. काम एकच, पण अवयवागणिक रूप निराळं. यालाच आयसोएन्झाइम म्हणतात. वयात येताना हाडं झपाट्याने वाढतात, तेव्हा हाडांतलं रूप रक्तात वाढतं. छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची होती. जीजीटी हाडांतून येत नाही, म्हणून ते नॉर्मल असल्यावर संशय यकृतावरून हाडांकडे वळतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेतूनही हे एन्झाइम रक्तात येतं.

सीपीके या एन्झाइमचंही असंच. त्याचं एमएम रूप मुख्यतः स्नायूंत, बीबी मेंदूत, तर एमबीचं प्रमाण हृदयात जास्त. दिवसभर उसाच्या मोळ्या वाहिल्या किंवा कमरेत इंजेक्शन घेतलं, तरी एकूण सीपीके वाढतं. म्हणून हृदयविकाराच्या निदानासाठी डॉक्टर पूर्वी एमबी वेगळं मोजत. आता ट्रोपोनिन या चाचणीवर भर असतो.

तेव्हा एवढं सांभाळा:

• रक्त देताना वय, गरोदरपण, अंगमेहनत, इंजेक्शन आणि चालू औषधं सांगा.

• मुलांच्या रिपोर्टात मर्यादा त्यांच्या वयाची आहे का, ते विचारा.

• एलडीएच हे एन्झाइम तांबड्या पेशींतही असतं. नमुन्यात पेशी फुटल्या तर आकडा फुगतो. शंका आल्यास पुन्हा रक्त द्या.

• एका आकड्यावर पथ्य किंवा मुळी सुरू करू नका. अनोळखी मुळीने चांगलं यकृतही बिघडू शकतं.

आणि छातीत दुखत असेल तर रिपोर्टची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि ईसीजीची सोय असलेलं रुग्णालय गाठा.