मंगळावरून आलेली स्वारी

एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी १८९८ साली निघाली. मंगळावरचे प्राणी इंग्लंडात वोकिंग गावाजवळच्या माळावर उतरतात. तीन पायांची उंचच उंच यंत्रे, जाळून टाकणारा किरण! तोफांचे काही चालत नाही. शेवटी ते मरतात साध्या जंतूंनी. त्या जंतूंशी लढायची ताकदच त्यांच्या अंगात नसते.

२०१९ साली बी.बी.सी.ने हिची तीन भागांची मालिका केली. पुस्तकात सगळे ‘मी’ सांगतो. त्याच्या बायकोला नावसुद्धा नाही. टी.व्ही.वर नुसते सांगून कसे भागेल? म्हणून तिला एमी नाव देऊन पुढे आणले. हे बरे केले. १९५३ च्या चित्रपटाने गोष्ट अमेरिकेत नेली होती; मालिकेने इंग्लंड आणि घोडागाड्यांचा काळ ठेवला. घोडागाडीसमोर ते यंत्र उभे राहते, खरी भीती तिथेच वाटते!